राही रंगारणीचा हिरवा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला जिनं सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारलं तर ती म्हणायची, "तुला गोष्ट हवी की हिशोब?" नागझरीच्या काठी बोरदरी नावाचं गाव होतं, ते आजही आहे, आणि त्या गावात राही नावाची रंगारीण होती.

आता नवरात्र आलं की पेपरात छापून येतं, आज पिवळा, उद्या मोरपंखी. की झालं! बँकेत जा, दवाखान्यात जा, सगळ्या बाया मोरपंखी. हसू नका, तुम्हीही त्यातल्याच. बोरदरीत तेव्हा पेपर नव्हता, पण राही होती. नागझरीच्या काठावर दोन कडुनिंबांमध्ये तिची दोरी बांधलेली असे. ऋतू पालटला की ती त्या ऋतूचं पहिलं लुगडं रंगवून दोरीवर वाळत घाली आणि मग सगळं गाव तो रंग नेसे. शिमग्याला पळसफुलांचा केशरी, लग्नसराईत हळदीचा पिवळा, नवरात्रात मंजिष्ठेचा लाल, संक्रांतीला लोखंडाचा कीस आणि गूळ आंबवून केलेला काळा. पिवळा म्हणजे घरात मंगल, लाल म्हणजे देवीचा, काळा म्हणजे अंगात ऊब धरणारा. दोरीवर दिसायच्या आधी जी तो रंग नेसे तिची गावात धडगत नसे. एकदा म्हणे पाटलाची सून माघ सरायच्या आत केशरी नेसून पाण्याला आली. राहीनं तिला काही म्हटलं नाही, फक्त बाकीच्यांना म्हणाली, "हिला जरा वारा घाला गं, हिचा उन्हाळा आलाय." ती सून वर्षभर त्या वाटेनं पाण्याला गेली नाही, असं म्हणतात.

पण हिरव्याची गोष्ट वेगळी होती. हिरवा श्रावणाचा, आणि श्रावणाचा हिरवा म्हणजे नवरा जिवंत असल्याची खूण. आषाढ सरत आला की गावातली प्रत्येक सवाष्ण एक पांढरं, बिनरंगाचं लुगडं राहीकडे आणून देई. ओळखू यावं म्हणून पदराला आपापली गाठ मारलेली असे. त्या काळी बोरदरीचे पुरुष दसरा झाला की मुलूखगिरीवर जात आणि पाऊस धरायच्या आत परत येत. कुणी येत, कुणी येत नसत. आणि गावाचा असा ठाम विश्वास होता की नवरा जिथं कुठं असेल तिथं जिवंत असला तर बायकोचं सूत हिरवा रंग घेतं, आणि तो गेलेला असला तर कितीही बुडवा, सूत रंग घेत नाही. म्हणून मेल्याची बातमी बोरदरीत कुणी तोंडानं सांगतच नसे. लुगडं पांढरंच परत आलं की बाई समजायची. बांगड्या उतरवायची, रडायची, दिवस करायची आणि पुढं जिनं तिनं आपलं आयुष्य बघायचं. कुणी लेकरांसाठी राबे, कुणी पाट लावून दुसरं घर करी. "तोंड खोटं बोलेल, सूत खोटं बोलत नाही," असं म्हणायचे तिथं.

आता खरं काय ते ऐका. सूत कसलं बोलतंय! छावणीवरून खबर घेऊन निघालेला जासूद गावात शिरायच्या आधी मागच्या वाटेनं रंगाऱ्याच्या परसात यायचा, गेलेल्याचं नाव सांगायचा, पाणी प्यायचा आणि आल्या वाटेनं निघून जायचा. रंगारीण ते नाव पोटात ठेवायची आणि ते लुगडं रंगात घालायचीच नाही. हे गुपित सासूकडून सुनेकडे यायचं, आणि तेही सून चांगली मुरल्यावर. राहीकडे ते तिच्या सासूकडून आलं होतं. राहीनं किती जणींची लुगडी अशी पांढरी परत केली असतील, देव जाणे. ती स्वतः घेऊन जायची, उंबऱ्यात घडी ठेवायची आणि त्या बाईजवळ भिंतीला टेकून बसून राहायची. तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा तिची सासू तशीच तिच्याजवळ बसली होती.

राहीला एकुलता एक मुलगा, सटवा. देखणा म्हणावा असा नव्हता, पण आईच्या वरताण हात होता त्याचा रंगात. त्याचं लग्न आवडी नावाच्या मुलीशी झालं. आवडी हसरी होती, सासूला आत्याबाई म्हणायची, आणि रंग ढवळता ढवळता ओव्या गायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेवढ्यात दसरा आला. पथकाची निशाणं उन्हापावसात विटतात, ती पुन्हा रंगवायला एक रंगारी बरोबर हवा, असं ठरलं आणि सटवा निघाला. "निशाणं रंगवायची तर आहेत, लढायचं थोडंच आहे," असं म्हणून त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. गावातले सगळे हाताशी आलेले पुरुष त्या वर्षी गेले. मागं म्हातारे उरले, बाया उरल्या आणि पोरंसोरं.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. कुणी आलं नाही. आषाढात बायांनी लुगडी आणून दिली, राहीच्या पडवीत ढीग लागला. आणि एका दुपारी जासूद परसात उभा राहिला.

राहीनं तांब्या पुढं केला. म्हणाली, "कुणाचं?"

जासूदानं तो घेतला. पाणी प्याला आणि तांब्या हातातच धरून उभा राहिला.

"कुणाचं, बाबा? सांग की."

"सगळ्यांचं, बाई. छावणीत पटकी आली. लढाईच झाली नाही. तंबूत पडल्या पडल्या गेले."

"माझा सटवा?"

"सगळे म्हणालो ना, बाई."

तो गेला. राही परसातल्या जात्यावर बसली. आतून आवडीची ओवी ऐकू येत होती. हळद कालवताना तिला सुचलेली, सटव्याच्या नावाची. राहीला रडायची सोय नव्हती. रडली असती तर आवडी धावत आली असती, आणि काय झालं म्हणून विचारलं असतं. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि तशीच बसून राहिली, असं म्हणतात.

मग ती उठली आणि पडवीत त्या ढिगापुढं उभी राहिली. सगळ्यांची लुगडी पांढरी परत करायची म्हणजे एका सकाळी सगळ्या गावाच्या उंबऱ्यांवर मरण ठेवून यायचं. आणि ती बसणार कुणाकुणाच्या शेजारी? कोण कुणाचे डोळे पुसणार? शेतं पेरून झाली होती, भाताच्या आवणीची कामं तोंडावर होती. आणि खरं सांगायचं तर, गावाचं सगळं पुढं. आधी आवडी होती. तिला वाटलं, एक श्रावण जाऊ दे. पोरीला एक श्रावण हसू दे. पुढच्या वर्षी सांगू.

काय बाई बुद्धी सुचली! पण मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तुम्हीही.

तिनं ती सगळी लुगडी आधी निळीत बुडवली, मग हळदीत. आणि त्या वर्षी जो हिरवा चढला तसा हिरवा बोरदरीनं कधी पाहिला नव्हता. दोरीवर लुगडी वाळत घातली तर पलीकडच्या माळावरचं गवत फिकं दिसायला लागलं. गाई दावी तोडून आल्या आणि चारा समजून पदर ओढायला लागल्या, असं म्हणतात. बाया धावत आल्या. आपापली गाठ शोधायची, पदर उराशी धरायचा आणि शेजारणीच्या गळ्यात पडायचं. एकीचंही पांढरं नाही! सगळे जिवंत आहेत! कुणीतरी पुरण घातलं, कुणी फेर धरला. आवडी लुगडं नेसून राहीपुढं येऊन गर्रकन फिरली.

"आत्याबाई, बघा तरी!"

"छान दिसतंय गं," राही म्हणाली. त्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. रिठ्यानं धुतले, राखेनं घासले, ताकात बुडवून ठेवले. ते कधीच गेले नाहीत.

पुढच्या आषाढात ती म्हणाली, पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या आषाढात तेच. एकदा खोटं शिजवलं की ते रोज ऊन करावं लागतं. हळदीचा रंग उन्हात उडतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण राहीचा हिरवा आता उन्हात उडेना, पावसात जाईना, उलट दर वर्षी गडद होत चालला. आणि गाव वाट बघत बसलं. घराचं छप्पर गळतंय, तर गळू दे, धनी आले की शाकारतील. गाडीची धुरी मोडली, तर पडू दे. पोरी लग्नाच्या झाल्या, पण बाप जिवंत असताना त्याच्यावाचून कन्यादान कोण करणार? मागण्या येत आणि परत जात. त्या पोरी घरातच थोराड झाल्या, मग त्यांना कुणी विचारेनासं झालं. तरण्याताठ्या बायांच्या बटा पिकल्या. ज्या बाईनं दोन वर्षं रडून तिसऱ्या वर्षी दुसरं घर केलं असतं, ती उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत राहिली. राही हे सगळं बघत होती. पाण्याला जाताना ती मान खाली घालून जाई, कारण वाटेतल्या प्रत्येक उंबऱ्यात तिनं रंगवलेलं एक लुगडं बसलेलं असे.

आणि मग नागो आला. नागो शेलगावचा रंगारी, बायको बाळंतपणात गेलेली, स्वभावानं गरीब. नीळ न्यायला राहीकडे यायचा. आवडीशी मान वर करून बोलायचा नाही, पण ती ओवी गायला लागली की त्याचं ओझं बांधून व्हायलाच उशीर होई. त्यानं एक दिवस राहीला विचारलं. "इतकी वर्षं झाली. आता पाट लावायला कुणाची ना नसेल. मी तिला नीट ठेवीन."

राहीला वाटलं, हे देवानंच पाठवलं. पण आवडी म्हणाली, "काय बोलता, आत्याबाई? घरधनी जिवंत असताना? माझ्या लुगड्याला दर वर्षी रंग चढतोय."

त्या आषाढात राहीनं ठरवलं, बास. आवडीचं लुगडं तेवढं बाजूला काढलं. रंगात घालायचं नाही, घडी करून उंबऱ्यात ठेवायचं, जवळ बसायचं. तिनं घडी घालायला घेतली आणि तिच्या बोटांखाली सूत हिरवं व्हायला लागलं. आधी कड, मग पदर, मग सगळं. तिनं दुसरं आणलं, तेही झालं. हाताला फडकं गुंडाळून धरलं, तर आधी फडकं हिरवं झालं आणि मग लुगडं. ज्या हातांनी इतकी वर्षं खोटं रंगवलं त्या हातांना आता पांढरं धरताच येईना, असं म्हणतात.

मग उरलं तोंड. तिनं आवडीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. जासूद, परस, पटकी, सगळं. "सटवा नाही गं. पहिल्याच वर्षी गेला. मी तुला फसवलं."

आवडी आधी हसली. मग तिचा चेहरा बदलला. "नागोनं भरवलं ना तुम्हाला? स्वतःच्या पोराला जिवंतपणी मारता, आत्याबाई? जीभ कशी झडत नाही तुमची!"

"आवडे, मी आई आहे त्याची. मी असं उगाच बोलेन का?"

"सूत खोटं बोलतं का मग?"

"सूत बोलत नाही गं पोरी. मीच बोलत होते."

पण ते आवडीला कसं पटावं? राही पारावर गेली आणि गावापुढं ओरडून ओरडून सांगितलं. गावानं ऐकून घेतलं. कुणी म्हणालं, हातावरचा हिरवा डोक्यात चढला. कुणी म्हणालं, लेकाची वाट बघून भ्रमिष्ट झाली बिचारी. म्हाताऱ्या पाटलानं तिला गूळपाणी दिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाया आपापलं पांढरं लुगडं घेऊन नेहमीसारख्या तिच्या दारात हजर. त्यांतली एक तर म्हणाली, "राही, बडबड मागनं कर. आधी माझं रंगव."

तेव्हा राहीनं मुसळ उचललं आणि रंगाच्या मातीच्या नांदी फोडल्या. एकूण एक. नीळ वाहिली, हळद वाहिली, परसातून उतरून नागझरीत गेली, आणि नागझरी काठोकाठ हिरवी झाली. राहीला वाटलं, सुटले. बाया तिच्या पाठोपाठ काठावर आल्या. मग एकजण पाण्यात उतरली आणि तिनं आपलं लुगडं ओढ्यात बुडवून वर काढलं. हिरवंगार! "घेतला गं बाई, रंग घेतला!" मग सगळ्या उतरल्या. आवडीही उतरली. राही काठावर मुसळ धरून उभी होती आणि हे सगळं बघत होती. त्या दिवसापासून तिचा रंगाशी संबंध सुटला. आवडीनं नव्या नांदी बसवल्या आणि रंगवायचं काम आपल्या हाती घेतलं. नागो नीळ न्यायला यायचा बंद झाला.

राही मेली नाही, हीच तिची शिक्षा. वर्षं लोटली, तिची नजर गेली. ती मागच्या खोलीत बाजेवर पडून असे. आवडी तिला वेळेवर भाकरी देई, आंघोळ घाली, काही कमी करत नसे, पण ओव्या गायची थांबली होती.

गावातल्या तेव्हाच्या पोरांना आता मिशा फुटल्या होत्या. एका दसऱ्याला तीही मुलूखगिरीला गेली; कितीतरी वर्षांनी बोरदरीतून कुणी गेलं ते तेव्हाच. आणि पुढच्या आषाढात, एका दुपारी, बाजेवर पडलेल्या राहीला परसात पावलं ऐकू आली. तिनं ओळखलं. ती उठून बसली.

"कोण तुम्ही?" आवडीचा आवाज.

"जासूद, बाई. म्हादू सुताराचा पोरगा गेला. पाणी द्या."

बाहेर रांजणात तांब्या बुडाला. मग जासूदच म्हणाला, "ऐकायला जड आहे, खरं. पण तुमच्या गावाचं यंदा एकच नाव आहे, बाई. माझा बाप इथं आला होता तेव्हा सगळ्या गावाचं घेऊन आला होता. मरेपर्यंत सांगायचा तो, त्या रंगारणीनं कसं ऐकलं असेल म्हणून."

राहीला भांडं पडल्याचा आवाज आला. त्यानंतर दिवसभर आवडी आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी आवडीनं त्या जुन्या पथकामागं राहिलेल्या सगळ्या बायांची लुगडी, आणि त्यांच्याबरोबर म्हादू सुताराच्या सुनेचं, पांढरीच परत केली. एकेका उंबऱ्यात ठेवली. तिच्या हातात पांढरं पांढरंच राहिलं. बाया रडल्या का? नाही रडल्या. पांढऱ्या केसांच्या बायांच्या मांडीवर पांढरं लुगडं, आणि शेजारी त्यांच्या बिनलग्नाच्या, पिकत चाललेल्या लेकी. रडायला मागं काही ठेवलंच नव्हतं. म्हादू सुताराची कोवळी सून तेवढी रडली, आणि तिचा आवाज सगळ्या गावात ऐकू येत होता.

आवडी घरी आली आणि राहीच्या बाजेवर, पायाशी बसली. राहीनं हात पुढं केला नाही. तिनं विचारलं, "आवडे, नागो कसा आहे गं?"

"त्याला नातवंडं झाली, आत्याबाई."

राहीनं हात गोधडीखाली ओढून घेतले.

"तुम्ही तोंड उघडायचं होतं."

"उघडलं होतं गं. तूच ऐकलं नाहीस."

"पहिल्या वर्षी म्हणते मी," आवडी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर राहीला बरं वाटलं असतं.

त्यानंतर राहीनं अन्न घेतलं नाही. ती गेली तेव्हा तिच्यावर नवं पांढरं वस्त्र घातलं, आणि छातीवर जिथं हात जुळवले होते तिथं ते हिरवं झालं. चिता विझली तरी राखेत तेवढा रंग दिसत होता, असं म्हणतात.

राहीचं देऊळ नाही. बोरदरीत तिला कुणी देवी म्हणत नाही, आणि कुणी शिवीही देत नाही. या बाईचं काय करावं ते गावाला अजून उमगलेलं नाही. पण श्रावणात आजूबाजूची सगळी गावं हिरवी होतात आणि बोरदरी होत नाही. कासार त्या महिन्यात तिकडे बांगड्यांची पेटी नेत नाही. श्रावणाच्या पहिल्या सकाळी बोरदरीच्या बाया, सवाष्ण असो की विधवा, सासू असो की सून, बिनरंगाचं लुगडं नाहीतर पांढरी साडी नेसून नागझरीच्या काठी जमतात. याला 'राहीचं पांढरं' म्हणतात. जिच्या पोटात दुसरीची काही बातमी दडलेली असेल तिनं ती त्या सकाळी तोंडानं सांगायची, जिची तिला, समोरासमोर. ऐकणारीनं मध्ये बोलायचं नाही आणि खोटं म्हणायचं नाही. कुणाच्या नवऱ्यानं शहरात दुसरा संसार मांडलेला असतो. कुणाच्या तपासणीत डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरच्यांनी लपवलेलं असतं. सांगून झालं की सांगणारीनं निघून जायचं नाही, शेजारी बसायचं.

मी एकदा गेले होते बघायला. पाऊस भुरभुरत होता आणि त्या सगळ्या बाया काठावर बसल्या होत्या. एकेक उठून बोलत होती. शेवटी एक म्हातारी उठली, आपल्या सुनेसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. सून तिच्याकडे बघत होती.  मग म्हातारीनं तोंड मिटलं, सुनेच्या डोक्यावरचा पदर नीट केला, आणि घरी निघून गेली.